ठरलं होतं ते झालं का?

एका मुलासाठी आखलेल्या योजनेचे तीन आठवडे संपले त्या दिवशी मी वहीत एक ओळ लिहिली : ‘योजना लागू पडली नाही.’ खाली सही केली, तारीख टाकली. त्या ओळीपायी पुढचे कित्येक महिने मी शोधनिबंध वाचत बसले. त्यातून हाती लागलेली एक गोष्ट इथे सांगायची आहे, कारण मुलांसोबत काम करणाऱ्या प्रत्येकाच्या रोजच्या कामाशी तिचा संबंध आहे.

मी विशेष शिक्षिका आहे. गुहागरच्या बाजूच्या वाड्यांमध्ये मुलांच्या घरी जाऊन शिकवते. हा मुलगा सहा वर्षांचा, स्वमग्न (ऑटिस्टिक), बोलणं दोन-तीन शब्दांपुरतं. वडील मुंबईला, आई काजूच्या कारखान्यात, दिवसभर घरी फक्त आजी. मणी ओवणं असो, डब्याला झाकण लावणं असो की नुसतं हात धुणं असो, काम पुढे आलं की तो किंचाळायचा आणि भिंतीवर डोकं आपटायचा. किंचाळला की काम बाजूला व्हायचं, वर आजीच्या हातचं बिस्किट मिळायचं. नको असलेलं काम टाळण्याचा त्याला ठाऊक असलेला मार्ग तेवढाच होता, आणि तो चालत होता.

मग आम्ही एक योजना आखली. उघड्या तळव्याचं चित्र असलेलं एक कार्ड केलं. कार्ड हातात दिलं की काम लगेच बाजूला, एक मिनिट मोकळं. किंचाळला तर डोक्यामागे उशी धरायची, त्याला लागू द्यायचं नाही, पण काम उचलायचं नाही आणि बिस्किटही द्यायचं नाही. शांतपणे त्याचा हात कार्डाकडे न्यायचा, आणि कार्ड मिळालं की थांबायचं. ही कल्पना माझी नव्हे. एडवर्ड कार आणि मार्क डुरँड यांनी १९८५ साली ती संशोधनातून मांडली. त्रासदायक वागण्यातून मूल काय मागतंय ते ओळखायचं आणि तेच मागायची सोपी, बिनत्रासाची रीत त्याला शिकवायची. त्यानंतर जगभर ती पुन्हा पुन्हा उपयोगी ठरली आहे. आमच्याकडे मात्र तीन आठवड्यांत किंचाळणं होतं तेवढंच राहिलं.

वहीत ती ओळ लिहिल्यावर, कशी कोण जाणे, एका सकाळी मी काही न शिकवता नुसती त्यांच्या ओटीवर बसून राहिले. दुपारी एसटी येईपर्यंत बसले. तेवढ्या वेळात मुलाने चारदा सुटका मागितली, त्यातल्या तीनदा कार्ड देऊन. लगेच सुटका मिळाली एकदाच. दोनदा आजी मागच्या दारी भांडी घासत होती, “थांब रे, आले” म्हणाली आणि आली तोवर तो रडून लाल झाला होता. एकदा कार्ड गोधडीखाली राहिलं होतं, त्याने आजीचा हात ओढला, पण आजीला ते मागणं आहे हे कळलंच नाही. आणि किंचाळल्यावर तीनदा बिस्किट मिळालं. आजी माझ्याकडे बघून म्हणाली, “बाई, पोर डोस्कं आपटाय लागलं का माजा जीव ऱ्हात न्हाय.”

ज्या योजनेला मी नापास केलं होतं, ती त्या घरात अजून सुरूच झालेली नव्हती.

तीन आठवडे मी मुलाचं किंचाळणं रोज मोजलं होतं. किती वेळा, किती मिनिटं, कोणत्या कामाला, सगळं रकान्यांत भरलेलं. मोठ्यांनी काय केलं याचा एक रकानाही माझ्या वहीत नव्हता.

वर्तन विश्लेषणाच्या, म्हणजे वागणं मोजून ते कशामुळे बदलतं हे शोधणाऱ्या शास्त्राच्या, संशोधनात या प्रश्नाला नाव आहे : ट्रीटमेंट इंटेग्रिटी. काही जण प्रोसिजरल फिडेलिटी म्हणतात. आपल्याकडे ‘बरहुकूम’ हा जुना शब्द आहे, हुकुमाप्रमाणे, ठरल्याप्रमाणे अशा अर्थाचा. मी याला ‘बरहुकूमपणा’ म्हणते. जो उपचार द्यायचा कागदावर ठरला, तो तसाच, तितक्या वेळा, त्याच क्रमाने दिला गेला का? आणि दिला गेला हे कशावरून? संशोधकाने हे मोजून आपल्या निबंधात छापलं, तर वाचणाऱ्याला निष्कर्षावर किती भार टाकावा ते ठरवता येतं. छापलं नाही, तर वाचणारा अंधारात.

हे का महत्त्वाचं, ते आपल्या बागायतीकडे बघून पटकन समजतं. हापूसच्या मोहोरावर तुडतुडे आणि भुरी येते. त्यासाठी दापोलीच्या कृषी विद्यापीठाने मोहोर संरक्षणाचं वेळापत्रक दिलेलं आहे : पहिली फवारणी मोहोर येण्याआधी पालवीवर, मग मोहोराच्या अवस्थेप्रमाणे पुढच्या, प्रत्येक वेळी औषध कोणतं आणि पाण्यात किती. आता एखादा बागायतदार चैत्रात म्हणाला, “वेळापत्रक केलं, पण तुडतुडा काय गेला नाही.” याचा अर्थ काय घ्यायचा? औषध कुचकामी आहे? की पहिली फवारणी मोहोर फुटल्यावर झाली? की पंप चालवणाऱ्याने खालच्या फांद्या भिजवल्या आणि शेंड्यापर्यंत फवारा गेलाच नाही? की दुकानदाराने दुसरंच औषध दिलं? फवारणीची नोंदवही असेल तर बोलता येतं. नसेल तर त्या वाक्यातून औषधाबद्दल काहीच कळत नाही.

उलटंही तितकंच खरं, आणि ते आपल्या चटकन लक्षात येत नाही. समजा तुडतुडा गेला, बाग झकास धरली, पण सगळ्या फवारण्यांपैकी निम्म्याच झालेल्या होत्या. मग श्रेय कोणाला? वेळापत्रकाला, की त्या वर्षीच्या कोरड्या थंड हवेला? यश आलं म्हणून नोंदीची गरज संपत नाही. शेजारचा बागायतदार ‘पूर्ण वेळापत्रक’ म्हणून ते उचलेल, पैसे घालेल, आणि ज्या गोष्टीने खरं काम केलं ती त्याला कधी मिळणारच नाही.

वर्तन विश्लेषणात हा धोका इतर शास्त्रांपेक्षा जरा जास्तच टोकदार होतो, आणि त्याचं कारण या शास्त्राच्या कामाच्या पद्धतीत आहे. इथे शेकडो मुलांचे दोन गट करून सरासरी काढण्याचा प्रघात कमी. बहुतेक अभ्यास तीन-चार मुलांवर असतात. एकेका मुलाचं वागणं दिवसेंदिवस मोजायचं, आलेखावर मांडायचं, मग उपचार सुरू करायचा, पुन्हा मोजायचं, काही वेळा उपचार थांबवून परत सुरू करायचा. उपचार आला की रेघ खाली, थांबला की वर, परत आला की परत खाली, असं दिसलं तर म्हणायचं की बदल उपचारामुळेच झाला. पद्धत सुंदर आहे, एका मुलाचं म्हणणं ती सरासरीत बुडू देत नाही. पण तिचा सगळा डोलारा एका गृहीतावर उभा आहे : आलेखावर ज्या दिवशी ‘उपचार सुरू’ असं लिहिलंय त्या दिवशी उपचार खरोखर सुरू होता. दोनशे मुलांच्या अभ्यासात चार ठिकाणी ढिलाई झाली तर ती कदाचित पचून जाईल. तीन मुलांच्या अभ्यासात एका मुलाचा एक आठवडा ढिला गेला तर निष्कर्षच बदलतो.

हे त्या शास्त्राच्या संस्थापकांना माहीत नव्हतं असं नाही. १९६८ साली ‘जर्नल ऑफ अप्लाइड बिहेविअर अ‍ॅनालिसिस’ हे नियतकालिक सुरू झालं. त्याच पहिल्या वर्षी डोनाल्ड बेअर, माँट्रोज वुल्फ आणि टॉड रिस्ली यांनी या उपयोजित शास्त्राची सात लक्षणं सांगणारा लेख लिहिला. त्यातलं एक लक्षण असं की, पद्धतीचं वर्णन इतकं नेमकं हवं की वाचणाऱ्या जाणकाराला ती तशीच करता यावी. त्यामुळे या नियतकालिकातले निबंध वाचताना मला नेहमी समाधान वाटतं. किती सेकंद थांबायचं, कोणतं वाक्य बोलायचं, वस्तू कोणत्या हाताला ठेवायची, सगळं असतं.

मुलाच्या वागण्याच्या मोजणीबद्दल तर हे लोक फारच काटेकोर. एकाच निरीक्षकाच्या नोंदीवर ते विश्वास ठेवत नाहीत. काही सत्रांना दुसरा निरीक्षक बसवतात, तो स्वतंत्र नोंद करतो, आणि दोघांच्या नोंदी किती जुळल्या याची टक्केवारी निबंधात छापली जाते. साधारण ८० टक्क्यांच्या खाली जुळणी गेली की भुवया उंचावतात. ही टक्केवारी नसलेला निबंध सहसा छापूनच येत नाही.

मात्र मोठ्यांच्या वागण्यावर, म्हणजे प्रत्यक्ष उपचार देणाऱ्या शिक्षिकेवर, आईवर, थेरपिस्टवर असा पहारा बसवायची सवय लागली नाही. १९८२ साली लिझेट पीटरसन, अँड्र्यू होमर आणि स्टीफन वंडरलिच यांनी याच नियतकालिकात याच नियतकालिकाचे १९६८ ते १९८० या काळातले निबंध तपासले आणि हा दुटप्पी न्याय उघड्यावर मांडला. मुलाने काय केलं ते दोन जणांनी मोजायचं, आणि ज्याच्यामुळे केलं म्हणून दावा आहे ते मात्र कोणीच मोजायचं नाही. उपचार प्रत्यक्षात कसा दिला गेला याची मोजदाद पाचव्या हिश्श्याच्या आसपासच निबंधांत सापडली. आपल्याच घरातली ही त्रुटी घरातल्याच माणसांनी, घरच्याच अंकात छापून सांगितली, याचं मला फार मोल वाटतं.

त्यानंतर सुधारणा झाली का? १९९३ साली फ्रँक ग्रेशम आणि सहकाऱ्यांनी १९८० ते १९९० मधले मुलांवरचे १५८ अभ्यास पाहिले. बरहुकूमपणा पद्धतशीर मोजून छापणारे निघाले १६ टक्के. उपचाराची नेमकी व्याख्या दिलेले अभ्यास एकतृतीयांशाच्या आसपास. मग २००७ साली लॉरा ली मॅकिन्टायर आणि सहकाऱ्यांनी (त्यांत ग्रेशमही होते) १९९१ ते २००५ मधल्या शाळांतल्या उपचारांचे अभ्यास घेतले. आता ९५ टक्के अभ्यासांत उपचाराची नेमकी व्याख्या होती. मोजून छापलेले आकडे मात्र ३० टक्के अभ्यासांतच.

९५ आणि ३० हे दोन आकडे मी वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवले आहेत. काय करायचं हे जवळजवळ सगळ्यांनी नीट लिहिलं. ते केलं गेलं की नाही, हे दहांतल्या तिघांनी सांगितलं.

एक गोष्ट इथे न्यायाने बोलली पाहिजे. आकडा छापला नाही म्हणजे उपचार चुकीचा दिला, असं होत नाही. ज्यांनी छापलं नाही त्यांच्यातल्या अनेकांनी काम चोखच केलं असेल. शिवाय काही उपचारांत चुकायला जागाच नसते. बटण दाबलं की संगणक आपोआप चित्र दाखवतो, किंवा भिंतीवर एकदाच सूचनाफलक लावायचा, अशा वेळी माणसाच्या हातून ढिलाई व्हायची भीती कमी. परीक्षण करणाऱ्यांनी हा फरक धरला होता, असे अभ्यास त्यांनी कमी जोखमीचे मानले. तो धरूनही २००७ च्या परीक्षणात ४५ टक्के अभ्यास चुकीच्या अंमलबजावणीच्या मोठ्या जोखमीचे ठरले. म्हणजे उपचार माणसाच्या हातचा, गुंतागुंतीचा, आणि तो ठरल्याप्रमाणे झाला याचा पुरावा नाही.

मग छापत का नाहीत? मला यात लबाडी दिसत नाही. निरीक्षक बसवायचा तर माणूस लागतो, आणि संशोधनाच्या जागी माणसं नेहमी कमीच असतात. पूर्वी पानांची मर्यादा कडक होती, काहीतरी गाळावं लागायचं. बऱ्याचदा उपचार देणारा स्वतः संशोधकच असतो, आणि मीच आखलेली गोष्ट मी चुकीची करीन कशी, असं प्रत्येकाला वाटतं. (मलाही तसंच वाटायचं. पुढे मी स्वतःचा व्हिडिओ पाहिला. कार्ड मिळाल्यावर एक मिनिट मोकळं द्यायचं ठरलेलं, आणि मी वीस सेकंदांतच मण्यांची वाटी पुढे सरकवत होते.) आणि मुख्य म्हणजे बराच काळ कोणी मागतच नव्हतं. जुळणीची टक्केवारी मागितली जायची म्हणून ती यायची, ही मागितली नाही म्हणून आली नाही. पानांची अडचण आता उरलेली नाही, पुरवणी माहिती इंटरनेटवर वेगळी ठेवता येते. त्यामुळे नियतकालिकांनी हे सक्तीचं करावं, असं माझं स्पष्ट मत आहे.

आता चुकांच्या जाती. सगळ्या चुका सारख्या नसतात, आणि नुसती एक टक्केवारी दिली की हाच फरक झाकला जातो.

आजी मागच्या दारी होती आणि कार्ड दिल्यावर मोकळीक मिळाली नाही, ही राहून गेलेली गोष्ट. करायचं ते झालं नाही. किंचाळल्यावर बिस्किट दिलं, ही केलेली गोष्ट. करायचं नव्हतं ते झालं. पहिली चूक वगळण्याची, दुसरी घडवण्याची. क्लेअर सेंट पीटर पिपकिन, टिमथी व्होल्मर आणि किम्बर्ली स्लोमन यांनी २०१० साली या दोन्ही चुका मुद्दाम, मोजून-मापून करून पाहिल्या. उपचाराची तऱ्हा आमच्यासारखीच होती : चांगल्या वागण्याला प्रतिफळ, त्रासदायक वागण्याला नाही. वगळण्याच्या चुकांनी उपचाराचं फारसं बिघडलं नाही. घडवण्याच्या चुका, आणि दोन्ही एकत्र, यांनी तो बराच अधिक बिघडवला.

हे असं का होत असेल, ते समजायला संध्याकाळी जेट्टीवर जाऊन बसावं. गरी टाकून बसलेला माणूस तास तास हलत नाही. दर वेळी मासा लागत असता आणि एक दिवस अचानक लागायचा थांबला असता, तर तो लवकर उठला असता. पण त्याला कधी तिसऱ्या खेपेला लागतो, कधी विसाव्या. म्हणून एकविसाव्यांदाही तो गरी टाकतो. चार्ल्स फर्स्टर आणि बी. एफ. स्किनर यांनी १९५७ साली अशा अधूनमधून मिळणाऱ्या प्रतिफळांचा मोठा अभ्यास प्रसिद्ध केला. अधूनमधून फळ देणारं वागणं लवकर विझत नाही, हे तेव्हापासून पक्कं आहे. दहा किंचाळ्यांतल्या सातांना बिस्किट नाही आणि तीनांना आहे, तर आम्ही मुलाला किंचाळत राहायचं शिकवत होतो. योजनेच्या आधी जितकं शिकवत होतो त्याहून चिवट.

आता मोजायचं कसं ते सांगते, कारण इथेच खरी मेख आहे. योजनेचे टप्पे पाडायचे. आमच्या योजनेचे सहा पडतात : कार्ड हाताशी ठेवलं का, काम सांगताना ठरलेलं वाक्य बोललं का, कार्ड मिळाल्यावर लगेच काम बाजूला केलं का, पूर्ण मिनिट दिलं का, किंचाळल्यावर काम तसंच ठेवलं का, बिस्किट टाळलं का. प्रत्येक प्रसंगाला प्रत्येक टप्प्यासमोर बरोबर की चूक अशी खूण. समजा दहा प्रसंग पाहिले आणि प्रत्येकात हे सहाही टप्पे करण्याची वेळ आली. साठ खुणा. त्यातल्या चोपन्न बरोबर. चोपन्न भागिले साठ, गुणिले शंभर, ९० टक्के. निबंधात ‘बरहुकूमपणा ९० टक्के’ असं छापलं तर वाचणारा मान डोलावेल.

पण चुकलेल्या सहा खुणा कुठल्या? सहाच्या सहा जर ‘बिस्किट टाळलं का’ या एकाच ओळीत असतील, तर त्या टप्प्याचा बरहुकूमपणा ४० टक्के झाला, आणि उपचाराचा कणाच मोडलेला आहे. याउलट त्या सहा चुका ‘ठरलेलं वाक्य बोललं का’ या ओळीत असतील तर फारसं काही बिघडलेलं नाही. एकूण आकडा दोन्हींत तोच. म्हणून टप्प्यागणिक आकडा हवा, सगळ्यात वाईट सत्राचा आणि सगळ्यात चांगल्या सत्राचा हवा, आणि उपचार देणारी माणसं दोन असतील तर दोघांचा वेगळा हवा. आमच्या घरात आई आणि आजी यांची सरासरी काढणं म्हणजे एकीची मेहनत आणि दुसरीची अडचण, दोन्ही पुसून टाकणं.

कोणी पाहिलं हेही तितकंच महत्त्वाचं. मी ओटीवर बसले की आजी सावध होते. परीक्षेला पर्यवेक्षक वर्गात आला की माना जशा सरळ होतात, तसं. त्यामुळे फक्त सोमवारी सकाळी, माझ्यासमोर मोजलेला आकडा गुरुवारच्या संध्याकाळबद्दल काही सांगत नाही. काळ जातो तशी योजना हळूहळू सरकतही जाते, कोणी मुद्दाम न बदलता. समुद्रात नांगर नीट न बसलेली होडी जशी न कळत वाहत जाते, तशी. म्हणून निरीक्षणं सुरुवातीला, मध्ये आणि शेवटी, वेगवेगळ्या वेळी पसरलेली हवीत. आणि मुलाच्या नोंदींना दुसरा निरीक्षक लागतो, तर मोठ्यांच्या नोंदींनाही लागतो.

चांगला अहवाल कसा दिसतो याचा एक काल्पनिक नमुना लिहिते : ‘प्रत्येक मुलाच्या एकतृतीयांश सत्रांत, प्रत्येक टप्प्यावर, सहा मुद्द्यांच्या यादीने अंमलबजावणी तपासली. पाच मुद्द्यांत बरहुकूमपणा ९५ टक्क्यांवर राहिला. किंचाळल्यावर काम तसंच ठेवण्याच्या मुद्द्यात तो ७० ते १०० टक्के होता, सगळ्यात कमी आकडे पहिल्या दोन सत्रांतले. यातल्या निम्म्या तपासण्या दुसऱ्या निरीक्षकाने स्वतंत्रपणे केल्या.’ चार वाक्यं. एवढ्याने मला कळतं की अडचण कुठे येणार आहे, आणि मी आजीसोबतचा वेळ कशावर घालवायला हवा.

कारण माझ्यासारखीला निबंधाखेरीज दुसरं काही नसतं. मुंबई-पुण्यात एखादी शिक्षिका अडली तर कोणा अनुभवी माणसाकडे जाऊन प्रत्यक्ष बघू शकते. इथे पावसाळ्यात मोबाइलची रेंज नसते तिथे मी छापून आणलेली बारा पानं घेऊन चिखलातून जाते. त्या पानांनी जे सांगितलं नाही, ते मला त्या घरात जाऊन मुलाच्या वेळाची किंमत देऊन शोधावं लागतं.

आजीला दोष देणं हा सगळ्यात सोपा आणि सगळ्यात निरुपयोगी मार्ग होता. जोसेफ विट, जॉर्ज नोएल आणि सहकाऱ्यांनी १९९७ साली शिक्षिकांवर केलेला अभ्यास मला त्या वेळी फार उपयोगी पडला. नीट प्रशिक्षण दिल्यावर शिक्षिकांनी सुरुवातीला सगळं ठरल्याप्रमाणे केलं, पण काही दिवसांतच अंमलबजावणी घसरली. मग रोज थोडा वेळ त्यांच्यासोबत बसून ‘काल हे झालं, हे राहिलं’ असं दाखवायला सुरुवात केली, तशी ती परत वर आली. इच्छा होतीच. कमी होती ती रोजची सोबत. कमी बरहुकूमपणा हा पुष्कळदा योजनेबद्दलचा निरोप असतो : ही इथल्या माणसाला, इथल्या दिवसाला झेपत नाही.

आजीचे गुडघे दुखतात. मागच्या दारातून ओटीवर यायला तिला वेळ लागतो, आणि ‘लगेच’ हा शब्द मी वहीत लिहिला तेव्हा मी तिचे गुडघे मोजले नव्हते. आम्ही कामाची जागा बदलली, ती भांडी घासते त्या पडवीतच चटई टाकली. कार्ड दोरीने त्याच्या कमरेच्या पट्ट्याला बांधलं. एक मिनिटासाठी मोबाइलचा गजर तिला जमत नव्हता, म्हणून वाळूचं छोटं घड्याळ दिलं. बिस्किटाचा डबा काढून घेतला नाही, त्याची वेळ ठरवली : कार्ड दिल्यावर, आणि शिवाय जेवणानंतर, किंचाळण्याशी काही संबंध नसताना. मी रोज संध्याकाळी आईच्या फोनवर पाच मिनिटं बोलायला लागले. त्यातला पहिला प्रश्न मुलाबद्दल नसतो. “आज कार्ड मिळाल्यावर पोचता आलं का?” हा असतो.

एक इशारा इथेच देते, नाहीतर हा सगळा लेख उलट्या अर्थाने वाचला जाईल. योजना बरहुकूम झाली म्हणजे योजना चांगली होती, असं होत नाही. चुकीची, मुलाचा मान न ठेवणारी पद्धतही कोणी शंभर टक्के ठरल्याप्रमाणे राबवू शकतं, आणि मग मुलाला शंभर टक्के त्रास होतो. स्वमग्न व्यक्ती मोठेपणी आपल्या लहानपणच्या उपचारांबद्दल जे सांगताहेत, त्यात हा त्रास आहे. तो ऐकल्याशिवाय कोणतीही यादी हातात घेऊ नये. आमच्या मुलाने कार्ड देणं ही ‘नको’ म्हणण्याची त्याची पहिली रीत होती, आणि ते ‘नको’ आम्ही दर वेळी मानणं हाच त्या योजनेचा गाभा होता. म्हणूनच तिसरा टप्पा चुकला की मला चैन पडत नाही.

नव्या मांडणीनंतर तीनेक आठवड्यांत किंचाळणं उतरायला लागलं. याला मी पुरावा म्हणणार नाही. एक मूल, एक घर, आणि आम्ही एका वेळी पाच गोष्टी बदलल्या होत्या. पण आता आलेखावर दोन रेघा आहेत. खालची मुलाची, वरची आमची. वरची जिथे खचली, तिथे खालची दोन-तीन दिवसांनी उसळलेली दिसते.

भाद्रपदात गणपती आले. वडील आले, दोन काका, काकू, चुलत भावंडं, मुंबईची सगळी माणसं. प्रत्येकाने येताना खाऊ आणला होता, आणि रडणाऱ्या पोराला खाऊ न देणारा चाकरमानी मी अजून पाहिलेला नाही. त्या दिवसांत मी गेले नाही, फोनही केला नाही. गौरी-गणपतीचं विसर्जन झालं, माणसं परतली, आणि मी वही उघडून त्या दिवसांच्या जागी वरच्या रेघेत एक मोकळी फट सोडली. खाली लिहिलं : ‘घरात चौदा माणसं. उपचार दिला गेला की नाही, मोजलेलं नाही.’ मग मागची पानं उलटून त्या जुन्या ओळीपाशी गेले, ‘योजना लागू पडली नाही’ यावर काट मारली, आणि शेजारी तेच वाक्य पुन्हा लिहिलं : ‘मोजलेलं नाही.’